गुरुवारचे मटार

आमच्याकडे सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. कंपन्या बंद म्हणून लाइटवालेही तोच दिवस धरून खांबांवर चढतात आणि दुरुस्तीच्या नावाखाली दिवसदिवस वीज घालवतात. लग्न होऊन मी आकुर्डीला आले तेव्हा मला याचा फार राग यायचा. आठवड्यातून एकदा नवरा घरात सापडणार आणि नेमका त्याच दिवशी पंखा बंद. पुढे सवय झाली. गुरुवार म्हणजे भरून ठेवलेल्या बादल्या, बनियनवर बसलेला नवरा आणि फ्रीजच्या दाराशी खुर्ची टाकून पहारा देणाऱ्या सासूबाई.

सासूबाईंना मी आई म्हणते. खेडच्या पुढच्या एका गावात त्यांचा संसार झाला. शेती बेताची, पण गोठा भरलेला. सासरे गेले, जनावरं दिरांकडे राहिली आणि आई आमच्याकडे आल्या. गाईम्हशींवर त्यांचा जितका विश्वास, तितकाच फ्रीजवर अविश्वास. “ह्याचं काय खरं न्हाई,” असं त्या फ्रीजच्या तोंडावर म्हणायच्या. लाइट गेली की दार उघडायचं नाही, हा त्यांचा कायदा. नवऱ्याने एकदा गुरुवारी थंड पाण्याची बाटली काढली, तर त्याला असा काही दम मिळाला की बिचारा माठाकडे वळला तो कायमचाच.

मी चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार मिळतो, त्यामुळे घरीही माझं तोंड गप्प बसत नाही. नवरा तिथल्याच दुसऱ्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. बंद पडलेली मशिनं चालू करतो आणि माझा पारा चढला की आवाज न करता गॅलरीत जातो. आम्हा तिघांचं बरं चाललं होतं. फक्त घरात मूल नव्हतं, आणि बरीच वर्षं नव्हतं.

मग वाकडच्या एका हॉस्पिटलात उपचार सुरू केले. इंजेक्शनं, सोनोग्राफ्या, पुन्हा इंजेक्शनं. पहिल्या खेपेला गर्भ ठेवला तो राहिला नाही. ते कळलं तेव्हा मी घरी आले, भिंतीकडे तोंड करून पडले आणि कितीतरी दिवस कुणाशी बोलले नाही. मी भांडले असते तर घरातल्यांना बरं वाटलं असतं. आई ताट घेऊन माझ्या शेजारी बसायच्या आणि मी घास घेईपर्यंत स्वतःही जेवायच्या नाहीत.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, अजून दोन चांगले गर्भ आहेत, ते गोठवून ठेवलेत. शरीराला जरा विसावा देऊ आणि मग त्यातला एक ठेवू. कागदावर चित्र काढून त्यांनी पुढे बरंच समजावलं. मी मान हलवत होते, पण ‘अजून दोन आहेत’ याच्या पलीकडचं माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. नवऱ्याने विचारलं, “सेफ आहे ना मॅडम?” त्या म्हणाल्या, “अगदी.” तेवढं घेऊन आम्ही घरी आलो आणि आईंना सांगितलं, की तुमची दोन नातवंडं वाकडला गोठवून ठेवलीत.

आईंनी डोळ्यांपुढे काय आणलं असेल ते सांगायला नको. गोठवायची जागा त्यांना एकच माहीत होती आणि ती आमच्या स्वयंपाकघरात होती.

ते दिवस थंडीचे. मटार स्वस्त झाले होते. त्याच आठवड्यात आईंनी पिशवीभर मटार आणले, सोलले आणि फ्रीजरमध्ये टाकले. पुढे एकदा पुलावासाठी मी ती पिशवी काढली, तर त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. “ह्ये ऱ्हाऊ दे. ताजं आणते.”

“मग हे कशाला ठेवलेत? पूजेला?”

त्यांनी पायात चपला घातल्या आणि खरंच ताजे मटार घेऊन आल्या. मी बघत होते, गुरुवारी संध्याकाळी लाइट आली की त्या आधी फ्रीजरमध्ये हात घालून ती पिशवी चाचपायच्या. मटार खडखडीत लागले की चेहरा खुलायचा आणि त्या दिवशीच्या चहात आलं जास्त पडायचं. मला उलगडायला बरेच गुरुवार जावे लागले. गर्भ गोठवल्याचं कळलं त्याच आठवड्यात मटार गोठवलेले. इथले मटार शाबूत, तर तिथली नातवंडं शाबूत. असा त्यांचा हिशेब.

मी हसून हसून बेजार झाले आणि मग चिडले. “आई, आकुर्डीची लाइन वेगळी, वाकडची लाइन वेगळी! इथल्या मटारांवरून तिथलं कसं कळणार?” माझं ज्ञान बघा. तिकडे एक मोठा फ्रीज आहे आणि तो लाइटवर चालतो, याबद्दल मलाही शंका नव्हती. माझं भांडण फक्त लाइनीवरून होतं.

त्यानंतर त्या गुरुवारी हॉस्पिटलच्या रिसेप्शनलाही फोन लावायला लागल्या. “लाइट हाय का?” एवढंच विचारायच्या आणि ठेवायच्या. तिथल्या मुलीला त्यांचा आवाज पाठ झाला होता. शेवटी आईच्या समाधानासाठी नवरा एका गुरुवारी बाइक काढून वाकडला गेला. वॉचमनशी गप्पा मारल्या, इमारतीमागचा जनरेटर चारी बाजूंनी पाहून घेतला आणि परत येऊन ऐटीत सांगितलं, “आई, काळजी सोड. जनरेटर एकदम दणकट आहे. ऑइलपण नुकतंच बदललंय.” आत जाऊन लॅबमधल्या कुणाला एक साधा प्रश्न विचारावा, हे त्याला सुचलं नाही. मेंटेनन्सचा माणूस जिथे जाईल तिथे मेंटेनन्सच बघणार.

उन्हाळ्यात त्या दोनांतला एक गर्भ ठेवला आणि या खेपेला तो राहिला. नवऱ्याने कंपनीत कुणाला कारण न सांगता पेढे वाटले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघूनसुद्धा हसत होते. सगळ्यांत जास्त आनंद आईंना होईल असं वाटलं होतं, पण त्या गप्प गप्प. देवापुढे बराच वेळ बसायच्या. फ्रीजरमधल्या मटारांना आता त्या हात लावत नव्हत्या, पिशवी मागे कोपऱ्यात सारलेली. मला वाटलं, पहाऱ्याची गरज संपली म्हणून असेल, आणि दृष्ट लागू नये म्हणून बोलत नसतील.

शेवटच्या महिन्यांत माझं बीपी वाढलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोठवलेला गर्भ ठेवला की होणाऱ्या आईचं बीपी कधी कधी चढतं, लक्ष ठेवू. नवरा म्हणाला, “हिचं आधीपासूनच चढलेलं असतं मॅडम.” घरी आल्यावर त्याला गॅलरीत जावं लागलं.

एका बुधवारी सकाळी वाकडच्या त्याच हॉस्पिटलात सिझेरियन झालं आणि मुलगी झाली. काट्यावर ठेवलेलं बाळ बघून नर्स म्हणाली, “अगं बाई, ही तर चालतच घरी जाईल!” गोबरे गाल, मनगटाला वळ्या, आणि आवाज थेट माझ्यावर गेलेला. बाळाला पहिलं झबलं नवं घालायचं नाही, एखाद्या धडधाकट पोराचं वापरलेलं घालायचं, अशी आमच्याकडे रीत. खालच्या मजल्यावरच्या भाभींची तिन्ही मुलं ठणठणीत, म्हणून आईंनी त्यांच्याकडून मऊ झालेलं झबलं आधीच मागून ठेवलं होतं. ते बाळाच्या कोपरापाशीच अडकलं. आईंनी शिवण उसवून ते कसंबसं चढवलं. मला एवढा आनंद झाला होता की टाके दुखत असताना मी हसत होते आणि त्याने अजून दुखत होतं.

मग बाळांचे डॉक्टर आले. त्यांनी तिला उलटंपालटं करून तपासलं आणि म्हणाले, “छान आहे. पण वजन नेहमीपेक्षा बरंच जास्त आहे. फ्रोझनची बाळं कधी कधी अशी मोठी निघतात. मोठ्या बाळाची साखर सुरुवातीला घसरू शकते, म्हणून दूध पाजायच्या आधी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन बघत राहू.”

साखर कमी आली. दूध पाजलं, पुन्हा बघितली, जरा वर आली. गुरुवारी सकाळी परत खाली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “दुपारी अजून एकदा बघू. तेव्हाही कमी आली तर खालच्या मजल्यावर काचेच्या खोलीत ठेवून सलाइन लावावं लागेल. घाबरू नका.” घाबरू नका म्हटल्यावर माणूस हमखास घाबरतं. इतक्या वर्षांनी हातात आलेलं बाळ माझ्याजवळून उचलून काचेमागे नेणार, या विचाराने मी सारखी दाराकडे बघत होते. चिडायचं तरी कुणावर, तेही कळेना.

तेवढ्यात लाइट गेली. गुरुवारच होता. क्षणभर सगळं बंद, मग मागे जनरेटर घुरघुरला आणि दिवे आले. नवरा सवयीने उठून जनरेटर बघायला गेला. बाळ आईंच्या मांडीवर होतं. त्यांनी तिला छातीशी आवळलं आणि त्या एकदम हुंदके देऊन रडायला लागल्या.

“माझ्यामुळं झालं गं ह्ये. मी बोलले न्हाई.”

“काय बोलला नाहीत?”

“तुला गर्भ ठिवायच्या आदल्या आठवड्याचा गुरुवार. आपली लाइट दिसभर न्हवती. मी हितं फोन केला, तर ती पोरगी म्हनली, आजी, रस्ता खणताना केबल तुटलीय, इथंबी लाइट न्हाई आन् जनरेटरबी बंद पडलाय. फ्रीज उघडून बघितलं, तर आपलं मटार पार इरघळलं हुतं. पानी सुटलं हुतं. लाइट आल्यावर त्येचा सगळा दगूड झाला. म्हनलं, घरी आसं, तर हितं त्या जिवाचं काय झालं आसंल? इरघळून परत गोठलं आसंल का? आन् तसलंच तुझ्यात ठिवलं.”

“मग तेव्हाच सांगायचं ना मला!”

“पयल्या बारीला तू कशी झाली हुतीस, मी बघितलंय. एवढी बोलनारी बाय, भिताडाकडं तोंड करून पडली हुतीस. परत तशी बघवली नसतीस मला. म्हनलं, देवाला सांगू, तुला नगं.”

सगळे महिने त्या हे एकट्या पोटात घेऊन फिरत होत्या. माझे डोहाळे पुरवत होत्या, माझे पाय दाबत होत्या, आणि देवापुढे बसून हेच बोलत होत्या. मला त्यांच्यावर चिडता येईना आणि जवळही घेता येईना, कारण मीही हादरले होते. शिकलेली आहे, दिवसभर गेज लावून वायरी तपासते, पण त्या क्षणी मला पिशवीतल्या मटारांचा तो गोळाच दिसायला लागला. बाळाची साखर त्यामुळेच तर घसरत नसेल ना?

नर्स आली, बाळाला पाळण्यात ठेवून तिथेच बसली आणि मला म्हणाली, “ताई, उठा. पडून राहू नका, आजींना धरून लिफ्टपर्यंत चालून या.” डोळे पुसून आईंनी माझा दंड धरला. आम्ही दोघी भिंतीच्या आधाराने निघालो. कोण कुणाला धरतंय ते कळत नव्हतं.

लिफ्टचं दार उघडलं आणि आतून एका माणसाने ट्रॉलीवर एक भांडं ढकलत आणलं. ॲल्युमिनियमचं, फुगीर पोटाचं, गळा अरुंद, वर दोन कान. दाराच्या पट्टीवर चाक आपटलं तसा झाकणाखालून पांढरा धूर निघाला आणि जमिनीकडे ओघळला. आई जागच्या जागी थबकल्या.

“अगं, ह्ये तर आमच्या जनावरांच्या डॉक्टरचं हाय!”

माझा दंड सोडून त्या थेट त्या भांड्यापाशी गेल्या. मी भिंतीला टेकले.

“आजी, लांबून. नायट्रोजन हाय, बर्फाहून लई गार, हात भाजंल,” तो माणूस म्हणाला.

“ह्येची वायर कुटं हाय?”

“कसली वायर?”

“लाइटीची. पिन. खोचायची.”

“ह्याला पिन नसते आजी. आत नायट्रोजन भरला की झालं. लाइट आसो नसो, ह्याला काय घेणं न्हाई. कमी झाला की मी येऊन भरतो.”

“आन् आत गर्भ ठिवत्यात, तितं?”

“तितंबी आसलंच. जरा मोठं. त्येच भरायला चाललोय.”

“आन् जनावरांच्या दवाखान्यात?”

“तितंबी मीच देतो की.”

तो ट्रॉली ढकलत निघून गेला. आई बाकावर बसल्या. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांचं सगळं अंग हलत होतं. मी विचारलं, काय झालं, तर हसता हसता सांगायला लागल्या. गाय माजावर आली की जनावरांचा डॉक्टर यायचा, मोटरसायकलच्या मागे पोत्यात गुंडाळून हेच भांडं बांधलेलं. चैत्रातलं ऊन, रस्त्यावर हातभर धूळ, गावात लाइट नावालाच. तो झाकण काढायचा, असाच धूर यायचा, आणि त्यातून बीज काढून गाईला भरायचा. “आगं, त्यातनं झालेली कालवडं बघाया लोकं यायची. काय एकेक दांडगं! आन् मी येडी हितं मटार चाचपत बसले.”

“तुम्ही एकट्या नाही आई. तुमचा लेक जनरेटरचं ऑइल बघून आला होता.”

तेवढ्यात नवरा जिन्याने वर आला आणि म्हणाला, “चिंता नको, जनरेटर लोड घेतोय.” आम्ही दोघी अशा हसलो की मला टाक्यांवर हात दाबून उभं राहावं लागलं. त्याला काहीच कळलं नाही आणि आम्हालाही लगेच सांगता येईना.

पण खोलीत परतलो तेव्हा हसू आपोआप थांबलं. भांड्याला पिन नसली तरी साखर अजून बघायची होती. नर्सने बाळाची टाच चोळून गरम केली आणि सुई टोचली. बाळाने सगळा मजला दणाणून सोडला. आईंनी माझा हात घट्ट धरला होता आणि मी नवऱ्याचा. नर्सने यंत्राकडे बघितलं आणि डॉक्टरांना दाखवलं.

“चांगली वर आलीय,” डॉक्टर म्हणाले. “खाली न्यायची गरज नाही. संध्याकाळपर्यंत अजून बघत राहू, पण ही सावरतेय. तुमच्याजवळच राहू दे.”

मी रडले. काही लपवायचं कारण नव्हतं, मोठ्याने रडले. नवराही खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. आईंनी मात्र पदर खोचला आणि डॉक्टरांना विचारलं, “म्हंजी लाइट गेल्याचा ह्येच्याशी काय समंध न्हाई ना?” डॉक्टरांना आधी प्रश्नच कळला नाही. मी सगळं सांगितलं, मटारांसकट. ते खूप हसले आणि म्हणाले, “आजी, काही संबंध नाही. मोठ्या बाळांचं असं होतं आणि दूध अंगी लागलं की जागेवर येतं.” आई म्हणाल्या, “आमाला म्हाईत हाय. त्यातली दांडगीच आसत्यात.” संध्याकाळचीही साखर नीट आली, त्यानंतरच्याही, आणि मग टाच टोचणं थांबलं. बाळ घरी आलं, अर्थात चालत नाही, पण नवऱ्याच्या हाताला रग लागली एवढं खरं.

आता ती पालथी पडते आणि खेळणं हिसकावलं की माझ्यासारखी डोळे वटारते. घरी आल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी आईंनी फ्रीजरच्या मागच्या कोपऱ्यातून ती मटारांची पिशवी काढली, हातोडीने गोळा फोडला आणि उसळ केली. चव काही नव्हती. आम्ही तिघांनी ती वाटी पुसून खाल्ली.

परवाच्या गुरुवारी नेहमीसारखी लाइट गेली. बाळ आईंच्या मांडीवर, त्या वर्तमानपत्राने वारा घालत होत्या. फ्रीजपुढची खुर्ची केव्हाच गॅलरीत गेलीय. नवऱ्याने बिनधास्त दार उघडून बाटली काढली, कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, सुटलो एकदाचे. तर आईंनी पंख्याचा कागद खाली ठेवला, मोबाइल मागितला आणि हॉस्पिटलला लावला. मी कपाळावर हात मारला.

“आई, आता कशाला? त्याला लाइट लागत नाही हे तुम्हीच तर शोधलंत!”

त्यांनी मला हाताने गप्प बसवलं. “हां पोरी, मीच. न्हाई, लाइट ग्येली तर जाऊ दी. त्यो धुराच्या भांड्यावाला आला हुता का ह्या आठवड्यात? भरून ग्येला ना? बगून सांग, मी थांबते.” मग फोन कानाला तसाच ठेवून, नातीच्या टाळूवरून हात फिरवत त्या माझ्याकडे वळल्या. “एक तितंच हाय की गं आजून.”